पोट दिसण्याआधी : प्रस्तावना

पाळी चुकल्यावर औषधाच्या दुकानातून आणलेल्या पट्टीवर दोन रेषा उमटतात, तेव्हा ती पट्टी जे रसायन ओळखते ते आईच्या शरीरानं बनवलेलं नसतं. ते बनवलेलं असतं गर्भाबरोबर वाढणाऱ्या पेशींनी. याच पेशींची पुढे वार होते. रसायनाचं नाव एचसीजी. गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागला की ते आईच्या रक्तात उतरतं आणि सुरुवातीच्या आठवड्यांत दर दोन-तीन दिवसांनी दुप्पट होत जातं. घरात बातमी कळायच्या आत गर्भानं आपलं म्हणणं आईच्या शरीराला कळवलेलं असतं, आणि ते शरीर त्याप्रमाणे वागायलाही लागलेलं असतं.

हे पुस्तक त्या वागण्याविषयी आहे. गरोदरपणात कोणती संप्रेरकं वाढतात, कोणती घटतात, ती कुठून येतात आणि त्यांच्या आधारानं गर्भ कसा घडतो, हे त्यात महिन्यांच्या क्रमानं सांगितलं आहे. बोलताना आपण सगळे हार्मोन्स म्हणतो, म्हणून पुस्तकातही दोन्ही शब्द मोकळेपणानं आले आहेत.

बदलापूर पश्चिमेच्या हेंद्रेपाड्यातून सकाळची लोकल गाठणारी नोकरदार बाई सीएसएमटीला उतरते तोवर साधारण दीड तास झालेला असतो. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तिला सगळ्यांत जास्त मळमळतं, उभ्या उभ्या डोळ्यांपुढे अंधारी येते, गर्दीतल्या वासानं पोटात ढवळतं. एचसीजी आठव्या ते अकराव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत वर असतं, तो हाच काळ. आणि नेमकं तेव्हाच तिच्याकडे पाहून कुणाला काही कळत नाही. सातव्या महिन्यात अख्खा डबा सरकून तिला जागा देतो. जे डब्यात, तेच घरात. आपल्याकडे गरोदर बाईची काळजी पोट दिसू लागलं की सुरू होते. ओटी भरून, हिरवी साडी नेसवून डोहाळजेवण होतं, तेव्हा बाळाच्या सगळ्या मुख्य अवयवांचा आराखडा तयार होऊन चार महिने उलटलेले असतात. आपल्या काळजीचं वेळापत्रक आणि संप्रेरकांचं वेळापत्रक यांत हे जे अंतर पडलं आहे, ते दाखवणं हाच या पुस्तकाचा हेतू आहे.

हे ज्ञान तसं जुनं नाही. बदलापूरहून लोकलनं अर्ध्या तासाच्या आत कल्याण येतं. त्या कल्याणात १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांना वयाच्या चौदाव्या वर्षी मूल झालं आणि ते दहा दिवसांत गेलं. पुढे अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या, आणि प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला तो हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. त्या वर्षी जगातल्या कुठल्याच वैद्यकीय ग्रंथात ‘हार्मोन’ हा शब्द नव्हता. इंग्रज शरीरशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी तो वापरात आणला १९०५ साली. गरोदर स्त्रीच्या लघवीत एक वेगळं संप्रेरक असतं, हे बर्लिनमधल्या आशहाइम आणि झोंडेक यांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस दाखवलं. त्यांची तपासणी उंदरांवर व्हायची आणि निकालाला काही दिवस लागायचे. आज पाच मिनिटांत उत्तर देणारी पट्टी त्याच शोधाची वंशज आहे.

आठवडे कसे मोजतात, हे आधी सांगायला हवं. त्यावरून घरोघरी घोळ होतो. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. त्यामुळे पाळी चुकते त्या दिवशीच चार आठवडे झालेले असतात, गर्भ मात्र दोन आठवड्यांचा असतो. पुस्तकात सगळीकडे डॉक्टरांचीच मोजणी वापरली आहे.

एचसीजीचं पहिलं काम पीतपिंडाला जागं ठेवण्याचं. बीजकोशातून स्त्रीबीज बाहेर पडल्यावर मागे जो पिवळसर भाग उरतो तो पीतपिंड. गर्भ राहिला नाही तर तो दोन आठवड्यांत सुकतो, त्याचं प्रोजेस्टेरॉन थांबतं आणि पाळी येते. गर्भ राहिला की एचसीजी त्याला सुकू देत नाही. प्रोजेस्टेरॉन चालू राहतं, गर्भाशयाचं अस्तर टिकतं, गर्भाशयाचे स्नायू शांत राहतात. सातव्या ते नवव्या आठवड्याच्या सुमारास वार स्वतःच पुरेसं प्रोजेस्टेरॉन बनवू लागते आणि पीतपिंडाची गरज संपते.

प्रोजेस्टेरॉन गर्भाशयाचे स्नायू सैल करतं, पण तेवढ्यावर थांबत नाही. आतड्यांचे स्नायू सैलावतात म्हणून पोट साफ होत नाही. जठराच्या तोंडाची झडप ढिली पडते म्हणून छातीत जळजळतं. रक्तवाहिन्या सैलावतात म्हणून उभं राहिल्यावर घेरी येते. मेंदूतलं श्वासाचं केंद्र अधिक जागरूक होतं म्हणून पोट वाढायच्या आधीच जिना चढताना धाप लागते. ‘एवढ्यात काय झालं दमायला?’ असं ज्या घरात विचारलं जातं, त्या घरातल्यांनी प्रोजेस्टेरॉनवरचा भाग सगळ्यांत आधी वाचावा. मळमळीच्या बाबतीत अलीकडे आणखी एक उलगडा झाला. वार आणि गर्भ मिळून जीडीएफ-१५ नावाचं संप्रेरक आईच्या रक्तात सोडतात, ते मेंदूतल्या उलटीच्या केंद्रापाशी पोचतं. ज्या स्त्रियांच्या रक्तात ते एरवी कमी असतं, त्यांना गरोदरपणी अचानक वाढलेली मात्रा अधिक बाधते, असं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसलं. उलट्या हे मनाचे खेळ नाहीत, एवढं तरी आता ठामपणे म्हणता येतं. पाण्याचा घोटही टिकत नसेल, वजन घटत असेल, तर त्याला उपचार लागतो.

पहिल्या तीन महिन्यांत गर्भ आईच्या थायरॉइडवर जगतो. त्याची स्वतःची थायरॉइड ग्रंथी बाराव्या आठवड्याच्या सुमारास कामाला लागते आणि पुरेशी सक्षम व्हायला अठरा-वीस आठवडे जातात. तोवर मेंदूच्या घडणीसाठी लागणारं थायरॉक्सिन आईनंच पुरवायचं. इथे पुन्हा एचसीजी मदतीला येतं. त्याची रचना थायरॉइडला चालना देणाऱ्या टीएसएचशी मिळतीजुळती असल्यानं ते आईच्या ग्रंथीला जास्त काम करायला लावतं. ज्यांची ग्रंथी आधीच मंद आहे त्यांना ही वाढ झेपत नाही. म्हणून थायरॉइडची गोळी चालू असलेल्या स्त्रीनं दिवस गेल्याचं कळताच डॉक्टरांना सांगावं, बहुतेक वेळा डोस वाढवावा लागतो. ‘पुढच्या महिन्यात जाऊ’ म्हणून चालत नाही, कारण तोच महिना महत्त्वाचा असतो. आयोडीनयुक्त मिठाचा आग्रहही याचसाठी.

फोलिक ॲसिड हे संप्रेरक नव्हे, तरी या पुस्तकात त्याला जागा दिली आहे. ज्या नळीपासून गर्भाचा मेंदू आणि मज्जारज्जू होतात, ती सहाव्या आठवड्याअखेर मिटलेली असते, म्हणजे पाळी चुकून जेमतेम पंधरवडा झालेला असतो. ती नीट मिटावी म्हणून लागणारं फोलिक ॲसिड त्यानंतर सुरू केलं तर या कामापुरता उशीर झालेला असतो. म्हणूनच मूल हवं असं ठरलं की आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्यायला सांगतात.

गर्भाच्या लिंगाविषयीही याच काळात खूप काही केलं जातं, आणि ते अज्ञानातून केलं जातं. मुलगा की मुलगी हे शुक्रजंतूबरोबर आलेल्या गुणसूत्रावर, फलनाच्या क्षणीच ठरतं. मुलाच्या गर्भात आठव्या-नवव्या आठवड्यापासून वृषणं आकार घेतात, मग स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवतात आणि त्या संप्रेरकामुळे जननेंद्रियं घडत जातात. बाहेरून दिलेल्या कुठल्याही पुडीनं, काढ्यानं मुलीचा मुलगा होत नाही. त्या पुडीत हार्मोन्स असले तर मात्र गर्भाच्या घडणीत बिघाड होऊ शकतो. गर्भलिंगतपासणीविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्रानं केला, १९८८ साली. केंद्राचा कायदा १९९४चा. कायदा सोनोग्राफी केंद्रावर लक्ष ठेवतो, पण स्वयंपाकघरात दुधातून दिलेल्या पुडीवर लक्ष ठेवणं घरातल्यांच्याच हाती आहे.

चौथ्या महिन्यानंतर सूत्रं बऱ्याच अंशी वारेकडे जातात. या टप्प्यावरची सगळ्यांत नवलाची गोष्ट म्हणजे इस्ट्रिऑल. हे संप्रेरक आई एकटी बनवू शकत नाही, गर्भ एकटा बनवू शकत नाही आणि वारही नाही. गर्भाच्या अधिवृक्क ग्रंथी कच्चा माल तयार करतात, गर्भाचं यकृत त्यात एक बदल करतं, वार शेवटचा हात फिरवते आणि तयार इस्ट्रिऑल आईच्या रक्तात उतरतं. सोनोग्राफी सर्रास होण्याआधी आईच्या लघवीतलं इस्ट्रिऑल मोजून डॉक्टर बाळ सुखरूप आहे ना याचा अंदाज घेत.

दुसरी गोष्ट साखरेची. वारेतून येणारं लॅक्टोजेन आणि त्याच्या जोडीची इतर संप्रेरकं आईच्या पेशींना इन्सुलिनला सहज दाद देऊ देत नाहीत. शेवटच्या महिन्यांत ही दाद जवळजवळ निम्म्यावर येते. घरी पाहुणा आला की घरचे आपल्या पानातलं कमी वाढून घेतात, तसं आईचं शरीर स्वतः साखर कमी वापरतं आणि गर्भासाठी राखतं. आईच्या स्वादुपिंडानं जास्त इन्सुलिन बनवून तोल सांभाळला तर सगळं ठीक चालतं. तो सांभाळला गेला नाही तर रक्तातली साखर चढते. साखर वारेतून पलीकडे जाते, आईचं इन्सुलिन जात नाही. मग गर्भाचं स्वादुपिंड स्वतः जास्त इन्सुलिन काढू लागतं, आणि गर्भात इन्सुलिनचं काम वाढ घडवण्याचंही असल्यानं अंगावर चरबी चढते. डेन्मार्कचे योर्गेन पेडरसन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर मांडलेला हा विचार आजही प्रमाण आहे.

पण आपल्या बाळांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, हे जगाला कळलं ते पुण्यामुळे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या स्त्रियांची पाहणी सुरू केली. दिवस जाण्याच्या आधीपासून. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोंच्या आसपास होती, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोंच्या आसपास. हाडं-मांस कमी, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानानं टिकून. दिसायला बारीक आणि आतून चरबी राखून असलेलं हे बाळ वैद्यकीय वाङ्मयात भारतीय बाळ म्हणूनच ओळखलं जाऊ लागलं. पुढे पुण्यातल्या आणि लंडनमधल्या नवजात बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं, तेव्हा आपल्या लहानखुऱ्या बाळांत इन्सुलिन जास्त आढळलं. मध्यमवयात उपटणाऱ्या मधुमेहाची तयारी जन्माआधीच झालेली असू शकते, असं त्यातून दिसलं.

त्याच गावांत आणखी दोन गोष्टी समोर आल्या. शेतात आणि घरात जास्त कष्ट उपसणाऱ्या आयांची बाळं लहान होती, आणि ज्यांच्या जेवणात पालेभाज्या, फळं, दूध अधिक होतं त्यांची बाळं मोठी. सुमारे दोन तृतीयांश आयांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. फोलेट भरपूर पण बी-१२ कमी, अशा आयांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण जास्त दिसलं. त्यामुळे फोलिक ॲसिडच्या गोळीबरोबर बी-१२चाही विचार करावा लागतो, विशेषतः शाकाहारी घरात. पाहणीतली ती मुलं मोठी झाल्यावर त्यांनाच, पुढच्या पिढीसाठी, किशोरवयापासून बी-१२ देण्याचा प्रयोगही पुण्यात झाला.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत झालेला प्रयोग आपल्याला आणखी जवळचा. तिथे स्त्रियांना पालेभाजी, फळं आणि दूध यांपासून केलेला रोजचा खाऊ दिला, दिवस जाण्याआधीपासून. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सरसकट सगळ्यांच्या बाळांचं वजन वाढलेलं दिसलं नाही. गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून खाऊ मिळालेल्यांच्या बाळांचं मात्र सरासरी ४८ ग्रॅमनं जास्त भरलं. आणि त्याच प्रयोगात गरोदरपणातला मधुमेह तुलनेच्या गटात १२.४ टक्के होता, तो खाऊ खाणाऱ्यांत ७.३ टक्के निघाला. माठ, पालक, शेपू, मेथी या आपल्या बाजारातल्या भाज्या; अंबरनाथ-उल्हासनगरला त्या रोज मिळतात. प्रश्न असतो तो त्या भाजीतली पहिली वाढ कुणाच्या पानात पडते आणि घरातली सून शेवटी जेवायला बसते का, हा. संप्रेरकांवरच्या पुस्तकात पंगतीचा विषय येतो तो असा.

साखरेच्या तपासणीबद्दल एक सोय आवर्जून सांगायला हवी. भारतात सरकारी मार्गदर्शक तत्त्वांनुसार ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी रक्त तपासतात. उपाशी येण्याची अट नाही. आकडा १४० किंवा वर असेल तर पुढचे उपचार सुरू होतात. पहिली तपासणी नोंदणीच्या वेळी, दुसरी चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांत. बदलापूरचं ग्रामीण रुग्णालय असो की उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय, दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर स्त्रियांची खास तपासणी असते. आशाताई निरोप घेऊन येते तेव्हा ‘अजून वेळ आहे’ म्हणून तिला परत पाठवू नये.

ताणाविषयी लोक फार विचारतात. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान अडकली. हजारावर प्रवासी होते, त्यांत नऊ गरोदर स्त्रिया. सगळे सुखरूप बाहेर आले. अशा तासांत आईच्या रक्तात कॉर्टिसॉल उसळतं. बाळापर्यंत किती पोचतं? वारेत एक विकर असतं, ते आईच्या कॉर्टिसॉलचा बराचसा भाग निष्क्रिय करून मगच पलीकडे जाऊ देतं. एका पुरानं, एका भांडणानं, एका रडण्यानं बाळ बिघडत नाही, हा दिलासा त्यातून मिळतो. महिनोन्महिने चालणारी उपासमार, मारहाण, धास्ती ही वेगळी बाब. ते ओझं या विकरावर टाकून मोकळं होता येत नाही.

हेच कॉर्टिसॉल शेवटी गर्भाच्या कामी येतं. दिवस भरत आले की गर्भाच्या स्वतःच्या ग्रंथी ते वाढवतात आणि त्यानं फुप्फुसं पिकतात. न्यूझीलंडचे लिगिन्स आणि हाउई यांनी १९७२ मध्ये दाखवलं की अकाली कळा सुरू झालेल्या आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर बाळाच्या श्वासाचा धोका कमी होतो. आता आपल्याकडेही चोवीस ते चौतीस आठवड्यांत कळा आल्या तर मोठ्या रुग्णालयात पाठवण्याआधीच पहिली मात्रा द्यायची तरतूद आहे. स्टेरॉइड हा शब्द ऐकून घाबरून नकार देणाऱ्यांसाठी त्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे.

बाळंतपणानंतर वार पडली की तिच्याबरोबर प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन काही तासांतच कोसळतात. दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन आधीच भरपूर असतं, प्रोजेस्टेरॉननं ते अडवून धरलेलं असतं. अडसर निघाला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दूध उतरतं. तोवरचा चीक बाळाला पुरतो, मध-साखरेचं पाणी लागत नाही. याच घसरणीमुळे तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळंतिणीला कारण नसताना रडू येतं. ते दोन आठवड्यांपलीकडे टिकलं, झोप-भूक उडाली, तर तो आजार समजून डॉक्टरांकडे जावं.

पुस्तक वाचून कुणी स्वतःहून हार्मोनच्या गोळ्या सुरू करू नयेत, हे निक्षून सांगायला हवं. गर्भपात टळावा म्हणून अमेरिकेत वर्षानुवर्षं दिलेल्या डीईएस या कृत्रिम इस्ट्रोजेनमुळे पोटातल्या मुलींना तरुणपणी योनीचा दुर्मीळ कर्करोग होतो, हे १९७१ मध्ये उघड झालं. प्रोजेस्टेरॉनचा तसा धोका दिसलेला नाही, पण ते सरसकट उपयोगीही नाही. ब्रिटनमध्ये चार हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फायद्याची चिन्हं दिसली ती आधी गर्भपात झालेले आणि या खेपेस रक्तस्राव होणाऱ्यांत. शेजारणीला लागू पडलं म्हणून मलाही हवं, असं या औषधाचं नसतं.

मांडणी सोपी आहे. पहिला भाग दिवस जाण्याआधीचा, आणि तोच सर्वांत मोठा ठेवला आहे. दुसरा पहिल्या तीन महिन्यांचा, तिसरा वारेचा, चौथा बाळंतपणाचा. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी घरातल्यांनी काय करायचं ते वेगळं दिलं आहे. त्यात नवऱ्यासाठीचा मजकूर बाईसाठीच्या मजकुराइतकाच लांब आहे. सासूबाईंनाही वाचून दाखवता यावा म्हणून भाषा घरातली ठेवली आहे.

एक विनंती आहे. डोहाळजेवणात भेट म्हणून हे पुस्तक देऊ नका. तोवर त्यातली निम्मी पानं मागे पडलेली असतील. लग्नाच्या आहेरात द्या, आणि घरात कॉलेजला जाणारी मुलगी असेल, मुलगा असेल, तर त्याहीआधी त्यांच्या हाती ठेवा.

— हेंद्रेपाडा, बदलापूर (पश्चिम)